राघू माणसाळतो, कुत्रा पाळीव असतो

लहानपणी आमच्या शेजारच्या आजींकडे पिंजऱ्यात राघू होता. ‘विठू विठू’ म्हणायचा, मिरची पायात धरून खायचा, आजी दिसल्या की मान वाकडी करून शीळ घालायचा. दहा-बारा वर्षं तो त्या घरात राहिला. एका सकाळी दाणे घालताना दार उघडं राहिलं. तो समोरच्या चिंचेवर जाऊन बसला आणि संध्याकाळी थव्याबरोबर निघून गेला. आजींनी रिकामा पिंजरा कितीतरी महिने ओसरीवर तसाच टांगून ठेवला होता.

त्याच ओसरीच्या पायरीशी एक गावठी कुत्री असायची. तिला ना पट्टा, ना साखळी. रात्रीची उरलेली भाकरी तेवढी मिळायची. ती कुठेही गेली नाही. तिची पिलं त्याच गोठ्यात झाली, पिलांची पिलंही तिथेच.

माया म्हणाल तर आजींनी राघूवर जास्तच केली होती. तरी तो गेला आणि कुत्री राहिली, याचं कारण त्या दोघांच्या पूर्वजांमध्ये आहे. ते नीट समजलं की रानातले प्राणी माणसाच्या दारात कसे आले, या कोड्याचा मोठा भाग सुटतो.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे : माणसाळणे. रानातलं पिल्लू अगदी लहानपणी हाताशी आलं, त्याला माणसाचा वास, आवाज, स्पर्श ओळखीचा झाला की ते माणसाळतं. गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ झालेली बिबट्यांची, अस्वलांची पिलं वाढवली. त्या बिबट्यांसोबतची त्यांची छायाचित्रं मराठी घराघरांत पोचली आहेत. पण माणसाळतो तो एक जीव, तोही त्याच्या आयुष्यापुरता. त्या बिबट्याला उद्या पिल्लू झालं तर ते पूर्णपणे बिबट्याचंच असेल, आणि त्याच्याशी सगळी सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल. पाळीव होणं ही मात्र वंशाची गोष्ट. कित्येक पिढ्यांची वीण माणसाजवळ होते, त्यातून जनुकं बदलत जातात, आणि मग पिल्लू जन्माला येतं तेच माणसाला आपलं मानायची तयारी घेऊन. आजींच्या राघूच्या मागे अशी एकही पिढी नव्हती. त्याला कुठल्यातरी झाडाच्या ढोलीतून काढून आणलेलं होतं. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं आज कायद्याने गुन्हा आहे, आणि माझ्या मते ते अगदी योग्य आहे. घरात कितीही वर्षं राहिला तरी तो रानपक्षीच असतो.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो चित्त्यात. चित्ता माणसाळायला सोपा. मुघल बादशहा त्याला काळविटाच्या शिकारीला घेऊन जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानातही शिकारी चित्ते होते. देशातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा ते थेट आफ्रिकेतून आणले गेले. त्यांना सांभाळणारे चित्तेवान वेगळे असत. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की वडिलांनी, म्हणजे अकबराने, हजार चित्ते जमवले होते. त्यांची वीण व्हावी अशी त्याची फार इच्छा होती, नर-मादी बागेत मोकळे सोडूनही पाहिले, पण जमलं नाही. जहांगीराच्या काळात एका मादीला तीन पिलं झाली, तर त्याने ते नवल म्हणून नोंदवलं. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिलं जन्मल्याची नोंद मिळते ती १९५६ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे शतकानुशतकं माणसाच्या बाजूला बसूनही चित्ता पाळीव झाला नाही, कारण त्याची एक पिढी दुसरीला माणसाच्या हाताखाली जन्म देत नव्हती. प्रत्येक चित्ता पुन्हा रानातून धरून आणावा लागे. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. शिकार आणि माळरानांचा ऱ्हास ही त्याची कारणं आहेतच, पण या सततच्या पकडापकडीचाही त्यात वाटा होता.

लांडगा दारात येतो

मग कुत्रा पाळीव कसा झाला? सगळ्या कुत्र्यांचा मूळपुरुष करडा लांडगा, आज नामशेष झालेल्या त्याच्या एखाद्या जुन्या शाखेतला. जर्मन शेफर्ड, चिहुआहुआ, आपल्याकडचा कारवानी आणि चहाच्या टपरीपाशी झोपलेला पिवळा कुत्रा, सगळे त्याचेच. ही घडामोड निदान पंधरा हजार वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं. गाय, शेळी, कोंबडी यांतलं कुणीही माणसाजवळ आलेलं नव्हतं. कुत्रा सर्वांत आधी आला, आणि तो आला भटक्या शिकाऱ्यांकडे.

शिकाऱ्यांनी लांडग्याची पिलं उचलून आणली आणि वाढवली, अशी कल्पना आपण सहज करतो. पिलं आणली असतीलही. पण लांडग्याचं पिल्लू वाढवणं फार कठीण काम आहे. ते साधारण दोन आठवड्यांचं झालं की भोवतालचं जग हुंगायला लागतं, तेव्हा त्याला अजून नीट दिसत नसतं, ऐकू येत नसतं. कुत्र्याचं पिल्लू हीच हिंडफिर चार आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतं, डोळे-कान उघडलेले असताना. ओळखी करून घेण्याची ही खिडकी थोड्याच दिवसांची असते. ती मिटली की जे अनोळखी ते धोक्याचं. लांडग्याशी दोस्ती करायची तर पिल्लू डोळे उघडायच्या सुमारास आईपासून तोडून दिवसरात्र उराशी धरावं लागतं. एवढं करूनही वयात आल्यावर ते लांडग्यासारखंच वागतं.

म्हणून बऱ्याच अभ्यासकांना दुसरी शक्यता अधिक पटते, आणि मलाही तीच पटते. लांडगे स्वतःहून जवळ आले. शिकाऱ्यांच्या तळाभोवती हाडं, आतडी, कातड्याचे तुकडे पडायचे. लांडग्यांमध्येही सगळे सारखे नसतात. माणसाची चाहूल लागताच जो कोसभर पळाला तो उपाशी राहिला. जो अंगावर धावून आला तो मारला गेला. मधला, थोडा धीट आणि थोडा शांत, तो पोटभर जेवला आणि त्याची पिलं जगली. पिलांमध्ये तोच स्वभाव उतरला. असं शेकडो पिढ्या चाललं. कुणी काही ठरवलं नव्हतं. निवड मात्र होत होती, आणि ती एकाच गुणाची होती : माणूस जवळ असताना न घाबरणं.

हिमयुगातल्या कडक हिवाळ्याबद्दलचा एक विचारही इथे सांगण्यासारखा आहे. माणसाचं शरीर नुसत्या चरबी नसलेल्या मांसावर चालत नाही, लांडग्याचं चालतं. हिवाळ्यात शिकारीतलं असं कोरडं मांस माणसाला नकोसं होत असेल, आणि ते लांडग्यांच्या वाट्याला जात असेल. म्हणजे दोघांमध्ये अन्नावरून भांडण व्हायला फारसं कारण नव्हतं.

पुढे शेती आली आणि कुत्र्याचं पोटही बदललं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवणारा रस तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. आजींची कुत्री ज्वारीच्या भाकरीवर जगायची, त्यामागे हे होतं.

सैबेरियातले कोल्हे

न घाबरणं या एकाच गुणाची निवड केली तर प्राणी खरंच पाळीव होतो का, हे कुणी करून पाहिलं नसतं तर वरचं सगळं गोष्टच राहिलं असतं. पण ते करून पाहिलं गेलं, आणि ज्याने ते केलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

दिमित्री बेल्यायेव हे रशियन शास्त्रज्ञ. त्यांचे थोरले भाऊ निकोलाय आनुवंशिकीचे अभ्यासक होते. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या काळी सोव्हिएत संघात जनुकांचा विचार करणं हाच गुन्हा मानला जाई, लिसेंको या माणसाचा शब्द म्हणजे विज्ञान. १९४८ मध्ये खुद्द बेल्यायेव यांनाही आपलं पद गमवावं लागलं. तरी त्यांनी प्रश्न सोडला नाही. चार्ल्स डार्विनच्या १८६८च्या ग्रंथापासून तो पडून होता : पाळीव प्राण्यांमध्येच लोंबते कान, वळलेली शेपटी, अंगावर पांढरे डाग हे सगळं एकत्र का दिसतं? कुत्रा, डुक्कर, शेळी, घोडा, गाय, सगळीकडे त्यातलं काही ना काही आहे. रानात लोंबत्या कानांचा मोठा प्राणी शोधला तर हत्तीशिवाय क्वचितच सापडतो.

१९५९ मध्ये नोवोसिबिर्स्कजवळ बेल्यायेव यांनी प्रयोग सुरू केला. रोजचं काम ल्युदमिला त्रुत या तरुण संशोधिकेने हाती घेतलं आणि पुढे साऱ्या आयुष्यभर केलं. कातड्यासाठी कोल्हे वाढवणाऱ्या फार्मवरून तीस नर आणि शंभर माद्या घेतल्या. हे रुपेरी कोल्हे पिंजऱ्यात जन्मलेले होते, पण हात पुढे केला की चावायला येणारे किंवा कोपऱ्यात दबून बसणारे. नियम एकच. पिल्लू महिन्याचं झालं की माणसाने हातातून खाऊ द्यायचा आणि त्याला गोंजारायचा प्रयत्न करायचा. दर महिन्याला हीच परीक्षा, सहा-सात महिन्यांपर्यंत. जी सर्वांत कमी बिथरतात तीच पुढच्या वीणीला. नरांतले शंभरात जेमतेम पाच निवडले जात, माद्यांतल्या वीसेक. रंग पाहायचा नाही, आकार पाहायचा नाही, आणि कुणालाही शिकवायचं नाही. शिकवलं असतं तर नुसतं माणसाळणं झालं असतं.

सहाव्या पिढीत काही पिलं अशी निघाली की माणूस दिसताच शेपटी हलवायची, कुंईकुंई करायची, हात चाटायची. शंभरात दोनसुद्धा नव्हती. दहाव्या पिढीत ती शंभरात अठरा झाली, विसाव्या पिढीत पस्तीस. त्याबरोबर न मागितलेल्या गोष्टीही आल्या : कपाळावर पांढरा ठिपका, कित्येक आठवडे लोंबते राहणारे कान, गुंडाळलेली शेपटी. शेतकरी ज्या बैलाला ‘चांद्या’ म्हणून हाक मारतो, त्याच्या कपाळावर असतो तसा तो ठिपका.

हे सगळं जनुकांतूनच आलं का, की प्रेमळ आईच्या सहवासातून? त्रुत यांनी चवताळणाऱ्या मादीचे गर्भ शांत मादीच्या गर्भाशयात ठेवून पाहिले. पिलं त्या शांत आईनेच वाढवली, तरी ती आपल्या जन्मदात्रीसारखीच चवताळत होती.

शरीराच्या आत काय घडलं, तेही त्यांनी मोजलं. कोल्ह्याच्या साध्या पिल्लात अनोळखी गोष्टींची भीती साधारण सहा आठवड्यांत जागी होते. निवडलेल्या वंशात ती नऊ आठवड्यांच्या पुढे गेली. ओळखी करून घेण्याची ती खिडकी जास्त दिवस उघडी राहू लागली. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी जी संप्रेरकं सोडते, त्यांचं रक्तातलं प्रमाण बारा पिढ्यांत निम्म्यावर आलं.

भीतीचा आणि पांढऱ्या डागाचा संबंध काय? २०१४ मध्ये तीन संशोधकांनी एक उत्तर सुचवलं. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पाठीच्या रेषेवर काही पेशी तयार होतात आणि तिथून शरीरभर प्रवासाला निघतात. त्यांच्यापासूनच कातडीतल्या रंगाच्या पेशी, जबड्याचा आणि कानाचा काही भाग, आणि अधिवृक्क ग्रंथीचा गाभा घडतो. शांत स्वभाव निवडत गेलं की या पेशी थोड्या कमी निघतात किंवा उशिरा पोचतात, असं ते म्हणतात. पाठीपासून सर्वांत लांब काय? कपाळ, पंजे, पोट, शेपटीचं टोक. पांढरं दिसतं ते तिथेच. कल्पना सुरेख आहे, पण तिच्यावर अजून वाद चालू आहे. या कोल्ह्यांचे पूर्वज कॅनडातल्या फार्मवर आधीच अनेक पिढ्या वाढलेले होते आणि त्यांच्यात काही डाग आधीपासून होते, हाही आक्षेप २०१९ मध्ये पुढे आला आणि तो रास्त आहे. स्वभाव मात्र बदलला, आणि तो माणसाच्या एका आयुष्यात बदलला, याबद्दल शंका नाही.

कणगी आणि मांजर

मांजराची कहाणी वेगळ्या वळणाची आहे. पश्चिम आशियात लोक धान्य साठवू लागले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागोमाग तिथलं रानमांजर वस्तीत शिरलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायला काही कारण नव्हतं. घरात कणगी असलेल्या कोणालाही हे लगेच पटेल.

२००४ मध्ये सायप्रस बेटावरच्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या चाळीस सेंटीमीटरवर, वेगळ्या खड्ड्यात, आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. सायप्रसवर मुळात मांजरं नव्हती. कुणीतरी ते, किंवा त्याचे आईबाप, होडीतून समुद्रापलीकडून आणले होते. ते मांजर पाळीव होतं की नुसतं माणसाळलेलं, हे हाडांवरून सांगता येत नाही. पण कुणाचं तरी होतं.

मांजर बदललं फार थोडं. आजही त्याचं शरीर रानमांजराच्या शरीरापासून दूर गेलेलं नाही. एक गोष्ट मात्र त्याने माणसासाठी राखून ठेवली : म्याँव. मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना म्याँव फारशी करत नाहीत, तो आवाज पिल्लाचा आईसाठी असतो. घरातलं मांजर तो म्हातारपणापर्यंत आपल्यासाठी काढत राहतं.

गोठ्यातल्या जनावरांकडे माणूसच गेला. इराणच्या झाग्रोस डोंगरात गंज दरेह इथे दहा हजार वर्षांपूर्वीची शेळ्यांची हाडं सापडली. नर बहुतेक कोवळ्या वयात मारलेले, माद्या पुष्कळ जगू दिलेल्या. बोकड विकायचा आणि शेळी ठेवायची, हा हिशोब कुठल्याही शेळीवाल्या मावशींना विचारा. रानात शिकार करताना असा हिशोब होत नाही, तो कळप आपला असल्यावरच होतो. म्हणून तिथे पाळीव शेळी होती, असं म्हणता येतं. वशिंडाच्या गायीची वंशावळ सिंधूच्या खोऱ्यातल्या रानबैलाकडे जाते. कोंबडी आली आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून, पण तिच्यात आपल्या सह्याद्रीचाही अंश आहे. अनेक कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग राखाडी रानकोंबड्याच्या जनुकातून आला, हे २००८ मध्ये कळलं. कोयनेच्या किंवा राधानगरीच्या रानात पहाटे जो आरवतो, तोच हा कोंबडा.

झेब्रा, हरीण, हत्ती का नाही झाले पाळीव? कुठे वीण होत नाही, कुठे जनावर भीतीने भिंतीवर डोकं आपटून घेतं, कुठे वाढ इतकी सावकाश की वाट पाहणं परवडत नाही. हत्तीण जवळजवळ बावीस महिने गाभण असते. हजारो वर्षं हत्ती कामाला लावले, पण बहुतेक सगळे रानातून धरून आणलेले. हत्तीसुद्धा राघूसारखा माणसाळलेलाच.

कुत्रा मागे वळून पाहतो

बुडापेस्टमध्ये संशोधकांनी लांडग्यांची पिलं हाताने वाढवली, अगदी कुत्र्यांच्या पिलांसारखी. मग दोघांपुढे खाऊ ठेवला, पण तो बांधून टाकलेला, कितीही ओढला तरी निघणार नाही असा. लांडगे ओढतच राहिले. कुत्र्यांनी थोडा वेळ ओढलं आणि मग वळून मागे उभ्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. हा प्रयोग २००३चा. नंतर २०१९ मध्ये कळलं की कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या टोकाला वर उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यात तो जवळपास नाहीच. त्या स्नायूमुळे डोळे मोठे आणि दीनवाणे दिसतात. जेवताना ताटाकडे बघत बसलेल्या कुत्र्याची ती नजर आपण सगळेच ओळखतो.

माझ्याकडून याला एकच पुरवणी आहे. नातं किती जुनं हे सांगायला लोक नेहमी शिकार आणि राखण यांचा आधार घेतात. पण सर्वांत जुन्या पुराव्यांतला एक तसा नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ मध्ये खाणकामगारांना एक दफन सापडलं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचं पिल्लू. शंभर वर्षांनंतर त्याच्या दातांची तपासणी झाली, तेव्हा दातांच्या वरच्या थरावर आजाराच्या खुणा मिळाल्या. पिल्लाला डिस्टेंपर झाला होता, आजही ज्याची लस आपण पिलांना टोचून घेतो तोच. एकोणिसाव्या आठवड्यात आजार सुरू झाला आणि तो पुन्हा पुन्हा उलटला. देखभालीशिवाय असं पिल्लू तीन आठवडेही काढत नाही. ते गेलं तेव्हा अठ्ठावीस आठवड्यांचं होतं. तेवढे दिवस ते ना शिकारीच्या कामाचं होतं, ना राखणीच्या. हिमयुगाच्या त्या थंडीत कुणीतरी त्याला उबेत ठेवत होतं, पाणी पाजत होतं, त्याची ओकारी पुसत होतं. आणि ते गेल्यावर त्याला आपल्या माणसांशेजारी पुरलं.